जुनी गाडी कूलंट ‘पीत’ नाही

दहा-पंधरा वर्षं जुनी गाडी असलेल्यांमध्ये एक सवय सर्रास दिसते. अधूनमधून बोनेट उघडायचं, बाटलीत थोडं कूलंट ओतायचं आणि ‘जुनी गाडी आहे, थोडं पिणारच’ म्हणून निघायचं. इंजिन ऑइल वापरात थोडंफार जळतं, हे खरं आहे. कूलंटचं तसं नाही. ते ब्लॉक, हेड, रेडिएटर असं बंद वर्तुळात फिरत राहतं. तापलं की फुगतं आणि बाटलीतली पातळी जरा वर जाते, निवलं की खाली येते. इंजिन थंड असताना, सपाट जागेवर बघितलेली पातळी पुन्हा पुन्हा खाली जात असेल, तर कूलंट कुठून तरी बाहेर पडतंय, यात शंका ठेवू नका.

‘गाडीखाली थेंब नाही, म्हणजे गळती नाही’

हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. रेडिएटरच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. तो दाबाचा, बारमधला. एवढा दाब असला की साधं पाणीसुद्धा १०० ऐवजी १२० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं. त्या दाबाने बारीक चिरेतून उडालेला तुषार तापलेल्या इंजिनवर पडतो आणि जमिनीवर पोहोचायच्या आत त्याची वाफ होते. मागे उरतं ते वाळलेलं, खरखरीत पुट. कूलंटच्या रंगाप्रमाणे हिरवट, गुलाबी, नाहीतर नुसतं पांढरट. शोधायचं असतं ते हे.

टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन आधी वॉटर पंपाकडे बघा. त्याच्या खालच्या अंगाला एक लहान भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, आतलं सील गेलं तर पाणी बेअरिंगमध्ये न शिरता बाहेर पडावं म्हणून. त्या भोकातून खाली ओघळून वाळलेली ठळक रेघ दिसली, तर पंप बदलायला आला. काही इंजिनांत हा पंप टायमिंग बेल्टच्या कव्हरमागे असतो. तिथे कव्हर काढल्याशिवाय काहीच दिसत नाही, आणि गळतं कूलंट थेट बेल्टवर पडतं, म्हणून तिथे चालढकल नको. होज पाइपच्या क्लिपांची तऱ्हा उलटी. रात्री सगळं थंड होऊन आकसलं की सांधा झिरपतो, इंजिन तापलं की पुन्हा बसतो. ही गळती सकाळी, गाडी सुरू करण्याआधीच सापडते.

‘पायाखालची मॅट ओली झाली, एसीचं पाणी असेल’

बहुतेक वेळा असतंही. पण डॅशबोर्डच्या आत हीटरचा छोटा रेडिएटर असतो. आपल्याकडे हीटर क्वचितच लागतो, तरी बऱ्याच गाड्यांत कूलंट त्यातून कायम फिरत असतं. पांढऱ्या कागदाने मॅट टिपून बघा. एसीच्या पाण्याला रंग नसतो, वास नसतो. कूलंट चिकट लागतं, गोडसर वास येतो आणि पुढच्या काचेला आतून तेलकट थर धरतो. चव मात्र चुकूनही घेऊ नका. बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं आणि ते विषारी आहे. गोड चवीमुळे कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. पार्किंगमध्ये सांडलेलं कूलंट लगेच पुसून घ्या, जागा भरपूर पाण्याने धुवा.

‘काटा मध्यावर आहे, काळजी नाही’

तापमानाचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच खरं सांगतो. पातळी त्याच्या खाली गेली आणि भोवती नुसती हवा राहिली, तर तो चुकीचा आकडा दाखवू शकतो. खंबाटकी किंवा कसाऱ्याचा घाट चढताना काटा हलेपर्यंत ॲल्युमिनियमचं हेड वाकायला सुरुवात झालेली असू शकते. अशा वेळी गाडी थांबवा, इंजिन बंद करा. तापलेलं झाकण उघडू नका आणि गरम इंजिनात गार पाणी ओतू नका.

‘हळद टाकली की गळती थांबते’

हायवेवर अडकलेल्या ट्रकवाल्यांनी पुढचं गॅरेज गाठण्यापुरता केलेला हा उपाय समजण्यासारखा आहे. कायमचा उपाय म्हणून तो घातक. हळदीला चीर आणि नळी यांतला फरक कळत नाही. रेडिएटरच्या बारीक नळ्याही ती बुजवते. बाजारातल्या सीलरचाही धोका तोच. थर्मोस्टॅट काढून टाकण्याने तर गळतीला काहीच फरक पडत नाही, फक्त इंजिन नीट तापेनासं होतं. बोअरवेलचं पाणी वर्षानुवर्षं ओतलं की आत क्षार साचतात, गंज धरतो आणि ब्लॉकच्या भोकांवर बसवलेल्या लोखंडी टोप्या सडतात. तिथली गळती कधी कधी गिअरबॉक्सच्या बाजूला, सहज न दिसणाऱ्या जागी होते.

‘हेड गॅस्केटच उडालं असणार’

थंडीच्या सकाळी सायलेन्सरमधून येणारा पांढरा धूर बहुतेकदा वाफच असते. इंजिन तापल्यावरही तो थांबत नसेल तर गोष्ट वेगळी. ऑइलच्या झाकणाखाली पांढरी साय नुसत्या दमटपणानेही धरते. डिपस्टिकवरचं ऑइलच दुधाळ दिसलं, तर मात्र इंजिन सुरूच करू नका. शंका उरली तर रेडिएटरच्या तोंडाशी निळं रसायन धरून चाचणी करतात. जळलेला वायू कूलंटमध्ये येत असेल तर त्या रसायनाचा रंग पालटतो.

त्याआधी करायची ती प्रेशर टेस्ट. इंजिन पूर्ण थंड असताना झाकण काढून त्या जागी मीटर असलेला हातपंप बसवतात, झाकणावर लिहिलेल्या आकड्याइतकाच दाब भरतात आणि दहा-पंधरा मिनिटं थांबतात. काटा खाली आला तर बाहेरचे सांधे बघायचे, ते कोरडे असले तर कार्पेट उचलायचं, तेही कोरडं असलं तरच सिलिंडरमध्ये डोकवायचं. काटा जागचा हलला नाही तर झाकणाची वेगळी तपासणी करा, कारण त्याची स्प्रिंग थकली की कूलंट ओव्हरफ्लोच्या नळीतून रस्त्यावर जातं, आणि झाकण ही सगळ्यात स्वस्त दुरुस्ती आहे. हेड उघडायला होकार देण्याआधी मिस्त्रीकडे ही टेस्ट मागा, आणि मीटरजवळ स्वतः उभे राहा.