परदेशातली ईद : चाँद, सुट्टी आणि फितरा, आधीच ठरवून ठेवायच्या गोष्टी

रत्नागिरी, रायगडपासून मुंब्र्यापर्यंत आपल्याकडे असं घर क्वचितच सापडेल, ज्यातलं कुणी परदेशात नाही. आधी आखातात एकटे कमावते पुरुष जायचे, आता ब्रिटनसारख्या देशांत अख्खी कुटुंबं राहतात. तिथे राहणाऱ्यांची तक्रार एकच असते, "ईद आली कधी आणि गेली कधी, कळलंच नाही." गावात ईद आपोआप होते. चाँदची खबर मशिदीतून येते, सुट्टी सरकार देतं, शेजारी शीरखुर्म्याची वाटी घेऊन येतात. परदेशात यातलं काहीच आपोआप होत नाही. तिथे ईद ठरवून करावी लागते. कशी, ते ब्रिटनचं उदाहरण घेऊन पाहू.

ईद कोणत्या दिवशी?

पहिला गोंधळ इथेच होतो. ब्रिटनमध्ये सगळ्यांना मान्य असलेली एकच चाँद कमिटी नाही. काही मशिदी सौदीच्या घोषणेवर चालतात, तर काही स्थानिक किंवा इतर देशांतल्या चाँदच्या खात्रीशीर साक्षीवर. 2025 ची रमजान ईद घ्या. सौदी, अमिराती आणि कुवेतमध्ये ती 30 मार्चला झाली, भारतात 31 मार्चला. शेजारी असूनही ओमानने 31 तारीख धरली. ब्रिटनमध्ये एकाच शहरात काहींनी रविवारी ईद केली, काहींनी सोमवारी.

म्हणून रमजान सुरू होतानाच घरात ठरवा की आपण कोणत्या मशिदीबरोबर आहोत. रोजे ज्या मशिदीच्या ऐलानावर धरले, ईदही तिच्याच ऐलानावर करा. नवरा एका मशिदीचा, बायकोचं माहेर दुसऱ्या मशिदीचं, आणि मुलं विचारतायत "आज रोजा आहे की ईद?" असं होता कामा नये. गावाकडची ईद वेगळ्या दिवशी आली तरी मन लहान करू नका. आपण ज्या जमातीत राहतो, तिच्याबरोबर ईद करायची.

सुट्टी आणि शाळा

ब्रिटनमध्ये ईदची सार्वजनिक सुट्टी नसते. नोकरीवर आपल्या हक्काच्या वार्षिक रजेतून दिवस घ्यावा लागतो. मालकाने रजा दिलीच पाहिजे असं नाही, पण अर्जाचा विचार भेदभाव न करता व्हायला हवा. आदल्या रात्री साहेबांना मेसेज करण्यापेक्षा महिनाभर आधी दोन्ही संभाव्य तारखा लेखी कळवा. "चाँदवर अवलंबून आहे" हे एका ओळीत समजावलं की बहुतेकांना कळतं.

मुलांच्या शाळेबद्दल उगाच भीती असते. इंग्लंडच्या 1996 च्या शिक्षण कायद्यानुसार, पालकांच्या धर्मसंस्थेने फक्त धार्मिक सणासाठी राखलेल्या दिवशी मूल गैरहजर राहिलं तर तो गुन्हा धरला जात नाही. शाळेला आधी चिठ्ठी द्या. "पोट दुखत होतं" असं खोटं लिहू नका. ईदसाठी खोटं बोलायचं असतं, हे मूल त्यातून शिकतं. यापेक्षा मोठं नुकसान कुठलं?

नमाज : तकबीर वेगळ्या वाटतील

आपले कोकणी लोक बहुतेक शाफई. ब्रिटनमधल्या उपखंडातून आलेल्यांच्या मशिदी बहुतेक हनफी. शाफई पद्धतीत ईदच्या नमाजमध्ये पहिल्या रकातीत सात आणि दुसऱ्या रकातीत पाच जादा तकबीर होतात, दोन्ही किरातच्या आधी. हनफी पद्धतीत दोन्ही रकातींत तीन-तीन, आणि दुसऱ्या रकातीतल्या तकबीर किरातनंतर, रुकूच्या आधी. मुलांना हे घरीच समजावून ठेवा. नाहीतर दुसऱ्या रकातीत ती भलत्याच वेळी हात उचलतात. इमाम करतील तसं त्यांच्या मागे करायचं, एवढं पुरे.

मशिदीत दोन-तीन जमाती होतात, वेळ आधी बघून ठेवा. बर्मिंगहॅममध्ये स्मॉल हीथ पार्कसारख्या मोकळ्या मैदानातही नमाज होते आणि तिथे बायका-मुलंही जातात. आपल्या गावात बायकांना ईदगाहवर जायला सहसा मिळत नाही. परदेशात ही सोय असेल तर सगळ्यांनी मिळून जा.

फितरा कुठे द्यायचा?

फितरा ईदच्या नमाजच्या आधी गरजूच्या हातात पोहोचायला हवा. शाफई मताने तो तिथल्या मुख्य धान्याचा एक साअ, म्हणजे साधारण अडीच किलो. हनफी मताने रोख रक्कमही चालते. गावी पाठवायचा असेल तर दोन गोष्टी सांभाळा. एक, गावातल्या दराने हिशोब करून मोकळे होऊ नका, आपण राहतो तिथला दर किती हे मशिदीत विचारा. शाफई मतात जिथे राहतो तिथेच देण्यावर भर आहे, म्हणून आपल्या आलिमांचा सल्ला घ्या. दोन, पैसे शेवटच्या दिवशी पाठवू नका, नाहीतर ते ईदनंतर वाटले जातील.

गावच्या ट्रस्टला मदत पाठवणाऱ्यांसाठी एक कायद्याची बाब. भारतीय पासपोर्ट असलेल्याने आपल्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेली मदत विदेशी देणगी धरली जात नाही. पण ब्रिटिश पासपोर्ट घेतला असेल, तर ओसीआय कार्ड असूनही ती विदेशी देणगी ठरते. ट्रस्टकडे परवानगी नसेल तर अडचणीत ट्रस्ट येतो, आपण नाही.

घरात ईद दिसू द्या

आपल्या मुलांच्या आठवणीत ईद म्हणजे मोबाईलच्या पडद्यावर दिसणारी दादी एवढंच राहिलं, तर पुढच्या पिढीत ती तेवढीही उरणार नाही. व्हिडिओ कॉल जरूर करा, पण आधी घरात ईद करा. आदल्या रात्री मेंदी लावा. शीरखुर्मा मुलांच्या हातून ढवळून घ्या. सांदणं जमत नसतील तर कॉल तेव्हाच लावा आणि दादीला विचारत विचारत करा. बिघडली तरी हरकत नाही. ईदी पाकिटात घालून हातात द्या.

आणि एक वाटी शेजारच्या दारात न्या, मग तो शेजारी कोणत्याही धर्माचा असो. एकटा राहणारा विद्यार्थी, नुकताच आलेला कामगार यांना जेवायला बोलवा. गावात ईदच्या दिवशी कुणी उपाशी किंवा एकटं राहू नये म्हणून सगळी आळी बघत असते. परदेशात ती आळी आपल्यालाच व्हावं लागतं.

अल्लाह आपल्या सर्वांचे रोजे आणि इबादत कबूल करो. आमीन.