काटकसर, घासाघीस आणि सुखसोयी : कळस परिसरातील तरुण मिळवत्याचा हिशेब

१. प्रश्नाचे स्वरूप

उपभोग्य वस्तूंचे आवश्यक वस्तू, सुखसोयींच्या वस्तू आणि चैनीच्या वस्तू असे तीन वर्ग करण्याची प्रथा अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत जुनी आहे. वर्गात हे विवेचन सोपे वाटते. परंतु ज्याच्या हाती नुकताच पगार पडू लागला आहे, अशा तरुणास कोणती वस्तू कोणत्या वर्गात घालावी हे ठरविणे तितके सोपे नसते.

इंदापूर तालुक्यातील कळस या गावी राहून बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत कामास जाणारा एक तरुण आपण विवेचनाच्या सोयीसाठी कल्पू. घरी थोडी जमीन आहे, आईवडील शेती पाहतात आणि दरमहा ठराविक रक्कम मिळविणारा घरातील हा पहिलाच माणूस आहे. चपलांचा जोड घ्यावयाचा तर आठवडे बाजारात चार ठिकाणी भाव विचारून घासाघीस करावी की एकाच दुकानातून चांगला जोड उचलावा, झोपण्याच्या खोलीत पंखा बसवावा की ती रक्कम बाजूस टाकावी, असे प्रश्न त्याच्यापुढे वरचेवर येतात. घरातील वडीलधारी मंडळी अंथरूण पाहून पाय पसरण्याचा सल्ला देतात. बरोबरीचे मित्र विचारतात की मग मिळवावयाचे तरी कशासाठी? दोन्ही सल्ल्यांमागे अनुभव आहे आणि दोन्ही अपुरे आहेत.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, स्वस्ताईचा शोध आणि सुखसोयींवरील खर्च यांतील निवड हा मूलतः स्वभावाचा किंवा सद्गुणाचा प्रश्न नाही. उत्पन्न किती आहे यापेक्षाही ते किती निश्चित आहे, यावर तिचे उत्तर अवलंबून असते; आणि उत्पन्नाचे स्वरूप पालटले की पूर्वीच्या पिढीने मांडलेला हिशेब नव्याने मांडावा लागतो.

२. काटकसरीचा वारसा

पुणे जिल्ह्याचा हा पूर्व भाग पर्जन्यछायेत येतो. वार्षिक पावसाची सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास असून त्याचा भरवसा मात्र सरासरीवरून कळत नाही. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला आणि त्याच्या लाभक्षेत्रात पुढे उसाची शेती वाढली. १९३० नंतरच्या दशकात कळंब गावाजवळ वालचंदनगरची साखरनगरी उभी राहिली. पुढे सहकारी क्षेत्रात भवानीनगर व माळेगाव येथील कारखाने आले. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या जलाशयाने भीमेच्या बाजूचे चित्र बदलले. तथापि कालव्याचे वा जलाशयाचे पाणी ज्या शिवारांस पोचत नाही, तेथे जिरायत शेतीची अनिश्चितता राहतेच. एकाच तालुक्यात उसाच्या बिलावर वर्ष आखणारे कुटुंब आणि आभाळाकडे पाहून खर्च करणारे कुटुंब शेजारीशेजारी नांदतात.

अशा अनिश्चिततेत हातचा पैसा न सोडणे हा कंजूषपणा नसून विमा असतो. येथे एक ऐतिहासिक दाखला उपयुक्त ठरेल. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे, म्हणजे तेव्हाच्या भीमथडी व आताच्या बारामती तालुक्यात, शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल करून कर्जरोखे हस्तगत केले व दख्खनच्या दंग्यांस तोंड फुटले. कुणबी लग्नकार्यांत व सणावारांत उधळपट्टी करतो म्हणून कर्जात बुडतो, असे मत त्या काळी सर्रास मांडले जाई. दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने या कारणास वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले गेल्याचा निष्कर्ष काढला. कर्जाची मुळे अनिश्चित पीक, सारा आणि सावकारी व्यवहाराची रीत यांत अधिक खोल गेलेली होती. १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा हे त्या चौकशीचे पुढचे पाऊल होय.

या निष्कर्षाचे मोल आजही कमी झालेले नाही. गरीब माणूस गरीब का, या प्रश्नास 'तो खर्चिक आहे म्हणून' हे उत्तर देणे सोपे असते. घरातील तरुणाच्या एखाद्या खरेदीकडे पाहतानाही आपण तेच उत्तर नकळत उच्चारतो.

३. स्वस्ताईच्या शोधाचा खर्च

प्रथम स्वस्ताईच्या बाजूचा विचार करू. जॉर्ज स्टिग्लर यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे दाखविले की, कमी भाव शोधणे ही स्वतःच एक आर्थिक क्रिया असून तिला लाभ आहे तसा खर्चही आहे. प्रत्येक वाढीव चौकशीगणिक मिळणारा लाभ घटत जातो.

समजा, एका विशिष्ट प्रतीच्या चपलांचा भाव वेगवेगळ्या विक्रेत्यांकडे ४०० ते ६०० रुपयांच्या दरम्यान सारख्या प्रमाणात विखुरलेला आहे. एकाच ठिकाणी विचारणाऱ्यास सरासरी ५०० रुपये पडतील. दोन ठिकाणी विचारून कमी भाव स्वीकारल्यास सरासरी सुमारे ४६७, तीन ठिकाणी ४५०, चार ठिकाणी ४४० आणि पाच ठिकाणी सुमारे ४३३ रुपये. म्हणजे दुसऱ्या चौकशीने सुमारे ३३ रुपये वाचतात, तिसरीने १७, चौथीने १० आणि पाचवीने अवघे ७. बाजारात दोन-तीन ठिकाणी भाव विचारणे शहाणपणाचे आहे. पण त्या शेवटच्या सात रुपयांसाठी दुसऱ्या गावच्या बाजारास जाण्यात बसभाडेही सुटत नाही.

असे असूनही माणसे तसे जातात. याचे कारण टव्हर्स्की व कानमन यांच्या १९८१ मधील एका प्रयोगात सापडते. १५ डॉलरच्या गणकयंत्रावर ५ डॉलर वाचणार असतील तर वीस मिनिटांवरील दुसऱ्या दुकानात जाण्यास ६८ टक्के लोक तयार झाले. तेच ५ डॉलर १२५ डॉलरच्या गणकयंत्रावर वाचणार असता केवळ २९ टक्के तयार झाले. वाचणारी रक्कम व पडणारे कष्ट दोन्ही प्रसंगी तेच होते. आपण वाचलेले रुपये मोजत नाही, किमतीशी त्यांचे प्रमाण मोजतो. म्हणून भाजीच्या जुडीवर दोन रुपयांसाठी दहा मिनिटे घालविणारा माणूस दुचाकीच्या कर्जाचा व्याजदर दुसऱ्या बँकेत विचारून पाहत नाही, जेथे एका चौकशीने हजारो रुपये वाचण्याचा संभव असतो. रिचर्ड थेलर यांनी १९८५ मध्ये यात आणखी एक भर घातली : वस्तूच्या उपयोगितेव्यतिरिक्त 'सौदा साधला' याचेही एक वेगळे समाधान असते. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर मूळ किंमत खोडून शेजारी सूट दाखविण्याची पद्धत नेमक्या याच समाधानावर बेतलेली आहे. नको असलेली वस्तू निम्म्या किमतीत घेणाऱ्याचे पैसे वाचत नाहीत. ते खर्च होतात.

येथे चौकशी आणि घासाघीस यांतील भेदही ध्यानात घेतला पाहिजे. अनेक विक्रेत्यांकडे भाव विचारल्याने बाजारातील स्पर्धा जागी राहते आणि त्याचा लाभ इतर ग्राहकांनाही होतो. एकाच विक्रेत्याशी केलेल्या घासाघिशीत मात्र नवे काही निर्माण होत नाही. पैसा एका खिशातून दुसऱ्यात जातो. समोर मोठा व्यापारी असेल तर गोष्ट वेगळी. पण आठवडे बाजारात पाटी मांडून बसलेली बाई बहुधा आपल्या तरुणाच्या आईसारखीच कोणा शेतकरी घरातील असते. स्वतःचा माल विकताना पडलेल्या भावाबद्दल हळहळणाऱ्या घराने विकत घेताना तोच भाव आणखी पाडण्यात समाधान मानावे, यात एक विसंगती आहे.

४. सुखसोय कशास म्हणावे

आता दुसरी बाजू. आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० च्या आपल्या ग्रंथात केवळ जगण्यासाठी आवश्यक असलेल्या वस्तू आणि कार्यक्षमता टिकविण्यासाठी आवश्यक असलेल्या वस्तू असा भेद केला. या दुसऱ्या प्रकारच्या उपभोगात केलेली कपात ही बचत नसून तोटा होय, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. ही कसोटी लावली तर आपण ज्यांना सुखसोयी म्हणतो त्यांतील कित्येक वस्तू पहिल्या वर्गात सरकतात.

पंख्याचे उदाहरण घेऊ. तो २,४०० रुपयांना पडला, चार वर्षे टिकला आणि वर्षातून २०० रात्री वापरला, असे धरल्यास एका रात्रीचा खर्च, वीज सोडून, तीन रुपये येतो. एप्रिल-मे महिन्यांत रात्रपाळी करून आलेल्या कामगाराला दिवसा चार तास झोप लागणे वा न लागणे हा तीन रुपयांचा प्रश्न नव्हे. यंत्रावरील अपघात आणि चुकलेले खाडे यांच्याशी त्याचा संबंध आहे. चपलांचेही तसेच. २०० रुपयांचा जोड चार महिने टिकत असेल तर महिन्यास ५० रुपये पडतात. ९०० रुपयांचा जोड दोन वर्षे टिकल्यास साडेसदतीस. स्वस्तातली खरेदी महागात पडते ती अशी. परंतु ९०० रुपये एकरकमी काढणे ज्याला शक्य नाही, त्याला महिन्याचे जास्तीचे साडेबारा रुपये भरणे भाग पडते. हा दंड अज्ञानाचा नसून रोकड नसण्याचा आहे.

सुखसोय कोणाची, हाही प्रश्न विचारावयास हवा. कुटुंबाच्या खर्चाची निवड जो मिळवता असतो तो पुष्कळदा स्वतःच्या दृष्टीने करतो. गॅसची शेगडी, मिक्सर, दारापर्यंत आणलेला पाण्याचा नळ यांनी वाचणारे तास बहुतांशी घरातील स्त्रियांचे असतात. त्या तासांना मजुरीचा भाव लावलेला नसल्याने हिशेबात ते शून्य धरले जातात. ज्या घरात आईचे रोजचे दोन तास वाचविणारी वस्तू 'चैन' ठरते आणि मुलाच्या भ्रमणध्वनीचा नवा संच 'गरज' ठरतो, तेथे वर्गीकरण वस्तूंचे झालेले नसून माणसांचे झालेले असते.

उपभोगाच्या रचनेत घडलेला पालट राष्ट्रीय आकडेवारीतही दिसतो. एर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्ये मांडलेल्या नियमानुसार उत्पन्न वाढते तसा अन्नावरील खर्चाचा वाटा घटतो. भारताच्या ग्रामीण भागात हा वाटा १९९९-२००० मध्ये एकूण उपभोग खर्चाच्या सुमारे ५९ टक्के होता. २०२३-२४ च्या पाहणीत तो सुमारे ४७ टक्के आढळला. याचा अर्थ निम्म्याहून अधिक खर्च आता अशा वस्तू व सेवांवर होतो, ज्यांविषयी मागील पिढीचे ठोकताळे फारसे मार्गदर्शन करीत नाहीत.

५. शिल्लक कोणाची आणि किती

तर मग तरुणाने वारशाने आलेली काटकसर टाकून द्यावी काय? तसे नाही. केन्स यांनी १९३६ मध्ये खर्च आवरण्याचे जे आठ हेतू सांगितले, त्यांत सावधगिरीचा क्रम पहिला आहे आणि कृपणतेचा शेवटचा. फ्रीडमन यांच्या १९५७ च्या सिद्धान्तानुसार उपभोग चालू महिन्याच्या मिळकतीवरून न ठरता दीर्घकाळ अपेक्षित असलेल्या मिळकतीवरून ठरतो. पगार निश्चित असेल तर सावधगिरीची शिल्लक कमी लागते, हे खरे. परंतु आपल्या तरुणाच्या बाबतीत दोन गोष्टी विसरून चालणार नाही. एक, कारखान्यातील नोकरी कंत्राटी असेल तर ती निश्चित मानता येत नाही. दुसरी, पाऊस हुकलेल्या वर्षी त्याचा पगार हाच साऱ्या घराचा विमा असतो. हॅरल्ड मान यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पिंपळे सौदागरच्या पाहणीतही गावाबाहेरील मजुरीने कित्येक कुटुंबांचा जमाखर्च सावरून धरल्याचे आढळले होते. म्हणून त्याची शिल्लक त्याच्या एकट्याच्या गरजेवरून ठरविता येत नाही.

यातून एक व्यावहारिक क्रम निघतो. पगार हाती येताच घरातील काही महिन्यांच्या किमान खर्चाइतकी राखीव रक्कम उभी करण्याचा भाग प्रथम बाजूस काढावा. भिशी, टपाल कार्यालय वा बँक, मार्ग कोणताही असो. ती रक्कम उभी होईपर्यंत घरच्या मंडळींचा सल्ला बरोबर आहे. ती उभी झाल्यावर मात्र रोज वापरात येणारी, कष्ट वाचविणारी आणि टिकाऊ वस्तू घेण्यास कचरू नये. तेथे मित्रांचा प्रश्न रास्त ठरतो. भावाची चौकशी मोठ्या व क्वचित होणाऱ्या खरेदीसाठी राखून ठेवावी आणि लहानसहान खरेदीत तिला आवर घालावा. उसनवारीने किंवा हप्त्यांनी घेतलेली सुखसोय ही या क्रमाबाहेरची गोष्ट आहे, कारण ती राखीव रक्कम उभी होण्याआधीच पुढील महिन्यांचा पगार बांधून टाकते.

६. अभ्यासाची दिशा

या विषयावर पदव्युत्तर विद्यार्थ्यांना क्षेत्रीय काम करता येण्याजोगे आहे. बागायत व जिरायत अशा दोन्ही प्रकारची काही कुटुंबे निवडून त्यांच्या खरेदीची दैनंदिनी वर्षभर ठेवावी. तीत वस्तू व किंमत यांबरोबर भाव विचारलेल्या ठिकाणांची संख्या, प्रवासाचा खर्च, लागलेला वेळ, खरेदीचा निर्णय घेणारी व्यक्ती आणि वस्तूचा प्रत्यक्ष वापर करणारी व्यक्ती यांची नोंद असावी. शेवटचे दोन रकाने नेहमीच्या प्रश्नावलीत नसतात. वरील विवेचन बरोबर असेल तर पगारदार सदस्य असलेल्या जिरायत कुटुंबांत घासाघिशीवर घालविलेला वेळ तिच्यापासून होणाऱ्या लाभाच्या मानाने सर्वांत जास्त आढळावा. कारण तेथे मिळकत बदललेली आहे, पण हिशेबाची वही जुनीच चालू आहे. तसे आढळले नाही, तर प्रतिपादन दुरुस्त करावे लागेल.