डोंगर कुणाला मानवतो?

मळवली स्टेशनावर उतरून भाजे गावावरून लोहगडाची वाट धरली, की पहिल्या चढालाच बायकांचे स्वभाव कळू लागतात. एक पुढे पळणारी असतेच. "एवढंच ना!" म्हणत निघते आणि गायमुख खिंडीत पोचेपर्यंत तिचा दम संपतो. दुसरी रेंगाळणारी. रानफुलं बघते, मागे पडते, सगळ्यांची थट्टा सोसते; पण विंचूकाट्याच्या टोकापर्यंत हसतमुखानं जाते ती हीच! घरी 'किती सावकाश' म्हणून बोलणी खाणाऱ्या बाईला डोंगर फार मानवतो, असं आपलं माझं मत.

मला काळजी वाटते ती तिसरीची. ही सोसणारी. बूट चावला तरी बोलायची नाही, धाप लागली तरी "काही नाही, चला." त्यातून वाटेत आडोसा मिळायचा नाही म्हणून सकाळपासून पाणीच प्यालेली नसते! (आपल्यात अशा किती जणी, खरं सांगा.) चढताना घाम भरपूर जातो. पाणी कमी पडलं की डोकं दुखतं, चक्कर येते, आणि गडाच्या पायऱ्यांवर चक्कर म्हणजे गंमत नव्हे.

माझी धाकटी जाऊ हनुमान दरवाजापाशी अशीच मटकन खाली बसली. सावलीत नेऊन मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी घोटघोट पाजलं, तेव्हा कुठे सावरली. म्हणते कशी, "थांबा म्हणायची लाज वाटली हो, जाऊबाई."

पुढच्या खेपेला तिलाच सर्वांच्या पुढे चालायला लावलं. ती थांबली, की सगळ्यांनी थांबायचं.