गिरणगावातील खाणावळ आणि रांधणाऱ्याची जात

शहरातील स्वस्त खाण्याच्या जागांविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते ते बहुधा चवीच्या अंगाने. कोठली मिसळ झणझणीत, कोणाचा वडा चांगला, कोणत्या इराण्याकडे ब्रून-मस्का खावा, असा त्याचा सूर असतो. या लेखनातील खाणाऱ्याला जीभ असते, जात नसते. आणि रांधणाऱ्याला तर चेहराच नसतो. वस्तुतः ज्या समाजात कोणाच्या हातचे खावे आणि कोणाच्या पंक्तीला बसावे यावर माणसाची पायरी ठरत आली, त्या समाजात चार बाकडी मांडून, पैसे घेऊन, येईल त्याला अन्न विकणे ही एक सामाजिक उलथापालथच होती. ती किती झाली आणि कोठे अडली, हे पाहण्यासाठी मुंबईचे गिरणगाव ही योग्य जागा आहे. परळ, लालबाग, नायगाव, डिलाईल रोड, वरळी या पट्ट्यात दलित कामगार मोठ्या संख्येने राहिला. येथेच परळच्या बी.आय.टी. चाळीत बाबासाहेब राहिले आणि येथल्याच दामोदर हॉलमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेचे कार्यालय होते.

या लेखाचे म्हणणे थोडक्यात असे: शहराने आणि कायद्याने खाणारा म्हणून आपल्याला दार उघडून दिले; रांधणारा म्हणून चूल उघडून दिली नाही. हे का घडले ते समजून घेतल्याशिवाय पुढचे पाऊल टाकता येणार नाही.

१

आज गरिबाचे अन्न म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवले जाते तो पाव दीडपावणेदोनशे वर्षांपूर्वी धर्म बुडवणारा पदार्थ होता. १८४९ साली मुंबईत दादोबा पांडुरंग प्रभृतींनी परमहंस सभा काढली. तिच्यात येणाऱ्याने जातिबंधन तोडल्याची खूण म्हणून ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा, असा दंडक होता. सभा गुप्त होती. १८६०च्या सुमारास सभासदांची नावे फुटली तेव्हा ती मोडलीच. पुढे १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून केवढे ग्रामण्य माजले, आणि रानडे-टिळकांसारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या वादातून सुटता आले नाही, हे सर्वांना ठाऊक आहे.

मग हाच पाव आणि हाच चहा पुढे घरोघरी कसा पोचला? सुधारकांच्या व्याख्यानांनी नव्हे. गिरणीच्या भोंग्याने तो पोचवला. पाळी सुरू होण्याआधी पोटात काहीतरी ढकलावयाचे तर पाव-उसळ आणि चहा याखेरीज सोपे काही नव्हते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पाव भाजणारा भट्टीमागे असे, गिऱ्हाइकाला दिसत नसे. रांधणारा दिसेनासा झाला की विटाळ विसरला जातो आणि तो नावागावानिशी समोर आला की विटाळ पुन्हा आठवतो. शहरातील खाण्याच्या जागांचा सारा इतिहास या एका सूत्रात बसतो.

२

गिरणगावात आलेला कामगार बहुतांशी एकटा होता. बायकामुले कोकणात वा घाटावर. एका खोलीत दहा-वीस माणसे, पाळीपाळीने झोपणारी. या खोल्या गावच्या नावाने चालत आणि त्यांच्या पोटापाण्याची सोय खाणावळवाली बाई करी. तिच्या घरीच चूल, तिच्या घरीच पंगत. कामगार महिन्याचा मेंबर. दोन वेळचे जेवण, पाळी असेल तर गिरणीत डबा, आणि पैसे पगाराच्या दिवशी. महिनाभर वाणी तिला उधार देई आणि व्याज लावी. संप झाला की मेंबरांचे पैसे थांबत, वाण्याचे व्याज थांबत नसे. तरीही कित्येक खाणावळवाल्यांनी संपात मेंबरांना उपाशी ठेवले नाही. गिरणीच्या इतिहासात मालक येतो, पुढारी येतो, जॉबर येतो. ही बाई फारशी येत नाही. तिला सावकारीतून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देण्याचे काम प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून केले, ही मोलाची गोष्ट आहे.

परंतु खाणावळीचे मेंबर कोण होते, हेही पाहिले पाहिजे. मेंबर गावाच्या आणि नात्याच्या धाग्याने येत. गाव म्हटले की त्यात गावकूस आले, आणि नाते म्हटले की जात आली. म्हणजे खेड्यातील पंगत उठून शहरातील चाळीत येऊन बसली. दलित कामगार आपल्या माणसांच्या खोलीत, आपल्या बायांच्या हातचे जेवे. ज्याला तीही सोय नव्हती तो हाताने भाकरी थापी.

गिरणीच्या आतही हाच न्याय होता. कापड खात्यात मजुरी अधिक. पण तेथे दलिताला मज्जाव. कारण काय, तर धोट्यातील सूत तुटले की ते तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि एकाचे तोंड लागलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडी जाई. १९२८च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला तो यासाठीच. धोटा काय आणि चहाचा कप काय, प्रश्न एकच: एकाचे उष्टे दुसऱ्याला चालेल काय? ज्या कामगारांना एका लाल झेंड्याखाली उभे राहता येत होते, त्यांना एका धोट्याला तोंड लावता येत नव्हते.

३

या कोंडीतून बाहेर पडण्याची पहिली जागा म्हणजे नाक्यावरचे इराण्याचे हॉटेल. इराणी हिंदूंच्या उतरंडीबाहेरचा. संगमरवरी टेबल, लाकडी खुर्ची, पैसे टाकले की चहा. तेथे कोणी गाव विचारीत नसे. खेड्यात ज्याचा कप छपरात खोचलेला असे, जो स्वतः कप धुऊन पुन्हा तेथेच ठेवी, त्या माणसाने चारचौघांसारखे खुर्चीवर बसून चहा पिणे यात काय होते, ते ज्याने कप खोचला त्यालाच कळेल.

पण परधर्मीय म्हणजे जातिमुक्त, असे समजण्याचे कारण नाही. १९१७ साली परदेशातून शिकून आलेले बाबासाहेब बडोद्याच्या पारशी पथिकाश्रमात पारशी नाव लावून राहिले. खरी ओळख कळताच काठ्या घेतलेले लोक दारात उभे राहिले. पथिकाश्रमात नाव लिहावे लागे, इराण्याच्या टेबलावर लिहावे लागत नसे. फरक धर्माचा कमी आणि नोंदवहीचा अधिक होता. शहराने आपल्याला समता दिली असे आपण अनेकदा म्हणतो. खरे तर शहराने निनावीपण दिले. निनावीपणाही लहान गोष्ट नाही, पण तिला समता म्हणता येणार नाही. कारण नाव कळले की ती संपते.

हीच गोष्ट उभ्याने खाण्याच्या गाड्यांची. वडापाव १९६६च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी सुरू केला असे सांगितले जाते. कागदात बांधलेला, हातात धरून खायचा. ताट नाही, पंगत नाही, उष्टे भांडे नाही. पंक्तिभेदाला तेथे जागाच उरली नाही. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या मोडत गेल्या तेव्हा अनेक घरांतील बायांनी वडे, भजी, पोळी-भाजी विकून संसार ओढले.

४

आता कायद्याकडे पाहू. ४ ऑगस्ट १९२३चा बोले ठराव पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने यांविषयी होता. सरकारी वा सार्वजनिक पैशाने बांधलेल्या वा चाललेल्या जागांपुरता. हॉटेल खाजगी म्हणून बाहेर राहिले. संविधानाने ही फट बुजवली. कलम १५(२)ने दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीच्या जागा यांत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून कोणत्याही नागरिकाला अडवता येणार नाही असे सांगितले. हा हक्क केवळ सरकारविरुद्ध नाही, गल्ल्यावर बसलेल्या मालकाविरुद्धही आहे. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी ‘दुकान’ या शब्दाचा अर्थ व्यापक असल्याचे स्पष्ट केले: मोबदला देऊन सेवा मिळते ती प्रत्येक जागा त्यात येते.

१९५५च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याचे १९७६ साली नागरी हक्क संरक्षण कायदा असे नामांतर झाले. त्याच्या चौथ्या कलमात हॉटेलातील प्रवेशच नव्हे, तर तेथील भांडी वापरण्याचा हक्कही आहे. वेगळा कप ठेवणे हा गुन्हा आहे. शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि दंड. बाराव्या कलमाप्रमाणे पीडित अनुसूचित जातीचा असेल तर कृत्य अस्पृश्यतेच्या कारणावरून घडले असे न्यायालय गृहीत धरते. तसे नव्हते हे आरोपीने दाखवावयाचे. कार्यकर्त्यांनी हे कलम ध्यानी ठेवावे. १९८९च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली (अंमल २६ जानेवारी २०१६पासून). तिने धंदा वा नोकरी करण्यास अडथळा आणणे हाही गुन्हा ठरवला. म्हणजे चुलीपर्यंतही कायदा पोचला आहे.

मग अडते कोठे? कायदा नकार देणाऱ्या मालकाला पकडू शकतो. दलिताने खाणावळ काढली आणि गिऱ्हाईक आलेच नाही, तर कोणाला पकडणार? न येणाऱ्या माणसाला लावण्यासारखे कलम नाही.

याचे उत्तर एका राजाने फार पूर्वी दिले होते. सवर्णांच्या हौदातील पाण्याला शिवल्याबद्दल मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना शाहू महाराजांनी कोल्हापुरात हॉटेल काढून दिले. त्याचे नाव ‘सत्यसुधारक’. महाराचा चहा प्यायला कोण येणार? तेव्हा महाराज स्वतः तेथे जाऊन चहा पिऊ लागले आणि सोबतच्यांनाही पाजू लागले. महाराजांच्या मोठेपणाची गोष्ट म्हणून ही आपण वारंवार सांगतो. तिच्यातील युक्तिवाद मात्र सांगत नाही. महाराजांनी दलिताला सवर्णाच्या पंगतीत नेऊन बसवले नाही. त्यांनी रांधणाऱ्याला उभे केले आणि खाणाऱ्याला त्याच्या दारी आणले. पहिल्या प्रकारात दलित पाहुणा राहतो, दुसऱ्यात तो मालक होतो.

सहभोजनाने जात मोडत नाही हे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलना’त बजावले आहे. वर्षातून एकदा एका पंगतीत जेवून घरी गेलेल्या माणसाची चूल तशीच राहते. रोजच्या पैशाच्या व्यवहारात आपल्या हातचे खाल्ले जाते की नाही, ही त्याहून कठीण कसोटी आहे.

५

ही कसोटी आजही आपण उतरलेलो नाही. शाळेतील माध्यान्ह भोजनासाठी स्वयंपाकी नेमताना दलित, अनुसूचित जाती व जमातींना प्राधान्य द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल २००४ रोजी दिला. तरीही दलित बाईने शिजवलेला भात मुलांनी खाऊ नये म्हणून पालक उठल्याच्या बातम्या निरनिराळ्या राज्यांतून येत राहिल्या. पुण्यात २०१७ साली स्वयंपाकाच्या बाईने जात लपवली म्हणून एका उच्चशिक्षित घरातून पोलिसांत तक्रार गेली. ती बाई दलितही नव्हती. मुंबईच्या आय.आय.टी.त २०२३ साली भोजनगृहात शाकाहाऱ्यांसाठी वेगळी टेबले राखली गेली आणि विरोध करणाऱ्या विद्यार्थ्याला दहा हजार रुपये दंड झाला. पूर्वीच्या पाट्यांवर ‘ब्राह्मणी’ असे. आता ‘शुद्ध’ असते. भाजीपाला खाण्याला आपला विरोध नाही. पण शुद्ध म्हटले की समोरचे अशुद्ध ठरते, हे पाटी लिहिणाऱ्याला चांगले कळते.

पाट्यांचेच घ्या. मालवणी, कोल्हापुरी, आगरी, सावजी अशा पाट्या शहरभर आहेत आणि त्या त्या समाजाला त्यांचा अभिमान आहे. महार-मांगांच्या अन्नाची पाटी सहसा कोठे दिसत नाही. त्या अन्नाची नोंद शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या ग्रंथात केली. तीही आपल्याला नवी वाटली, इतके आपण ते झाकून ठेवले होते. त्याच वर्षी महाराष्ट्रात बैलाच्याही कत्तलीवर बंदी आली आणि गरिबाच्या ताटातील एक स्वस्त मांस गेले. उपासमारीतून आलेल्या अन्नाचे गोडवे गावेत असे मी म्हणत नाही. मृत जनावरांचे मांस सोडण्यास बाबासाहेबांनी सांगितले ते स्वाभिमानासाठीच. परंतु लाज आणि स्वाभिमान या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी, वाटलेला तिखटाचा गोळा आणि रस्सा हे आपल्या आयांचे कसब आहे. ते दुसऱ्याच्या पाटीखाली विकले जाते.

सरकारनेही स्वस्त जेवणाच्या योजना केल्या: १९९५ साली एक रुपयात झुणका-भाकर, २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांत शिवभोजन थाळी. दोन्हींत ताटाची किंमत किती याची चर्चा झाली. केंद्र कोणाला मिळाले, चुलीपाशी कोण उभे आहे, याची झाली नाही. पुण्यात हमाल पंचायतीने सत्तरीच्या दशकात ‘कष्टाची भाकर’ सुरू करून दाखवले की कष्टकऱ्यांची संघटना स्वतःच स्वस्त अन्न रांधून विकू शकते.

आपल्या कार्यकर्त्यांना आणि विद्यार्थ्यांना यातून काही कामे दिसावीत. पहिले, आपल्या वस्तीतील खाण्याच्या जागांची पाहणी करावी: मालक कोण, आचारी कोण, भांडी घासणारा कोण, वाढणारा कोण. भांडी घासणारे आपले आणि फोडणी देणारे दुसरे, असे चित्र निघाले तर ते आकड्यांनिशी मांडावे. दुसरे, शाळा, वसतिगृहे, सरकारी कँटीन यांच्या कंत्राटांत दलित महिलांच्या बचत गटांचा वाटा मागावा. २००४चा आदेश हातात घेऊन शाळेच्या स्वयंपाकघरात जावे. तिसरे, आपल्या सभा-संमेलनांची, चैत्यभूमीच्या दिवसांची, जयंत्यांची जेवणे कोण रांधतो हे आपणच आधी पाहावे. आणि चौथे, पुरोगामी म्हणवणाऱ्या मित्रांना एवढेच सांगावे की आम्हाला तुमच्या घरी जेवायला बोलावू नका, ते पुष्कळ झाले. आमच्या बाईने नाक्यावर खाणावळ काढली आहे, तिच्या नावाची पाटी वाचा, आत या, महिन्याचे पैसे भरा आणि मेंबर व्हा.