परवाना गेला, पाट्या आल्या

अमेरिकेत दुसऱ्याचे केस कापायचे तर सरकारी लायसन्स लागतं. तळ्याकाठी गळ टाकून बसायलाही लागतं. भरलेलं पिस्तूल शर्टाखाली कमरेला खोचून बाजारात हिंडायला मात्र पन्नासपैकी 29 राज्यांत कसलाच कागद लागत नाही.

ही लाट अगदी अलीकडची. 2010 संपलं तेव्हा अशी राज्यं फक्त तीन होती: व्हरमाँट, अलास्का आणि अ‍ॅरिझोना. मग कॅन्सस, मेन, मिसुरी, केंटकी, टेक्सस, ओहायो, फ्लोरिडा असं करत करत 4 जुलै 2024 रोजी लुइझियानाचा नंबर लागला. समर्थक याला ‘कॉन्स्टिट्यूशनल कॅरी’ म्हणतात. म्हणजे शस्त्राचा हक्क देणारी घटनेची दुसरी दुरुस्ती हाच आमचा परवाना, वर आणखी शिक्का कशाला? विरोध करणाऱ्यांत ठिकठिकाणचे पोलीसप्रमुख पुढे होते, कारण रात्री रस्त्यात गाडी अडवायची वेळ त्यांच्याच माणसांवर येते.

एक गोष्ट आधीच सांगून टाकू, नाहीतर गैरसमज व्हायचा. या कायद्यांनी परवाना माफ केला, गुन्हेगाराला पिस्तूल माफ केलेलं नाही. गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला हत्यार बाळगायला बंदी आहे ती आहेच. दुकानातून बंदूक घेताना फॉर्म भरावा लागतो आणि एफबीआयच्या यादीत नाव तपासलं जातं. दोन व्यक्तींच्या आपापसातल्या खासगी व्यवहाराला फेडरल कायदा ही तपासणी लावत नाही, ही पळवाट वेगळी. बाकी कागद गेला म्हणून भानगडी संपल्या असं ज्यांना वाटतं, त्यांनी पुढचं वाचावं.

लपवतो तो भ्याड

दोनशे वर्षांपूर्वी या देशातला रिवाज नेमका उलटा होता. हत्यार उघड लावून फिरणारा तो मर्द, लपवणारा तो दगाबाज. केंटकी आणि लुइझियाना या दोन राज्यांनी 1813 मध्येच छुपं हत्यार बाळगण्यावर बंदी घातली. केंटकीच्या कायद्यात खिशातल्या पिस्तुलाबरोबर कट्यार होती, मोठा सुरा होता आणि चक्क गुप्तीही होती. दंड किमान शंभर डॉलर.

पहिला गाजलेला खटला झाला तोही पिस्तुलावरून नव्हे, गुप्तीवरून! ब्लिस नावाच्या गृहस्थाच्या हातातल्या काठीत पातं निघालं आणि त्याला शंभर डॉलर दंड बसला. तो वर गेला. 1822 मध्ये केंटकीच्या वरिष्ठ न्यायालयाने हा कायदाच घटनाबाह्य ठरवला. राज्यकर्ते इतके चिडले की 1850 च्या नव्या राज्यघटनेत त्यांनी ‘छुप्या हत्यारांविरुद्ध कायदा करता येईल’ असं कलमच घालून घेतलं. त्याच केंटकीने 2019 मध्ये परवान्याची अट काढून टाकली. लुइझियानाला तिथवर यायला 211 वर्षं लागली.

ओके कोरलचा पंचवीस डॉलरचा दंड

काउबॉयच्या सिनेमांनी आपल्या डोक्यात भरवलेलं चित्र असं, की जुन्या पश्चिमेत जो तो कमरेला रिव्हॉल्व्हर लटकवून हिंडत होता. गावाबाहेर, हो. गावात शिरलं की वेगळा हिशेब. कॅन्ससमधल्या विचिटा गावात पाटी होती: रिव्हॉल्व्हर पोलीस ठाण्यात जमा करा आणि टोकन घ्या. (आपल्याकडे आचारसंहिता लागली की परवानाधारकांना ठाण्याची वारी घडते, तोच प्रकार, फक्त विचिटात निवडणुकीची वाट बघत नसत.)

अ‍ॅरिझोनातल्या टूमस्टोन गावानेही एप्रिल 1881 मध्ये गावात हत्यार बाळगायला बंदी केली. गावात आलात की तबेल्यात नाहीतर सलूनमध्ये हत्यार ठेवायचं. 26 ऑक्टोबरच्या सकाळी आइक क्लँटन हा गडी रायफल आणि रिव्हॉल्व्हर घेऊन अर्प बंधूंना शोधत हिंडताना सापडला. मार्शल व्हर्जिल अर्पने मागून त्याच्या डोक्यात पिस्तुलाचा दणका घातला, हत्यारं काढून घेतली आणि त्याला न्यायाधीशापुढे उभं केलं. दंड पंचवीस डॉलर. त्याच दुपारी त्याच्या साथीदारांची हत्यारं काढून घ्यायला अर्प मंडळी गेली, आणि अर्ध्या मिनिटात तीसेक गोळ्या सुटून तिघे मेले. हीच ती ‘ओके कोरल’ची जगप्रसिद्ध चकमक. ती त्या कोरलमध्ये झालीच नाही, जवळच्या मोकळ्या जागेत झाली, पण सिनेमावाल्यांना ते नाव सोडवेना. थोडक्यात, वेस्टर्न चित्रपटांच्या या काशीमध्ये तीन मुडदे पडले ते हत्यारबंदीचा नियम अमलात आणताना. आज त्याच रस्त्यावर 21 वर्षं पूर्ण केलेला कोणीही पात्र माणूस जॅकेटखाली पिस्तूल घेऊन आइस्क्रीम खात जाऊ शकतो. अ‍ॅरिझोनाने 2010 मध्येच अट काढली.

व्हरमाँटचे वेगळेच

व्हरमाँटने परवाना रद्द केला नाही. कारण तिथे तो कधी नव्हताच. रटलंड शहराने एकदा ‘महापौर किंवा पोलीसप्रमुखाची परवानगी घ्या’ असा नियम काढून पाहिला, तो 1903 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने उडवला. पंचाईत अशी की शेजारच्या राज्याने ‘तुमच्या गावचा परवाना दाखवा’ म्हटलं तर व्हरमाँटवाल्याकडे दाखवायला काही नाही. मग तो बिचारा दुसऱ्याच एखाद्या राज्याचा परवाना काढून ठेवतो.

सही कुठे केली?

गव्हर्नर मंडळींना या कायद्यावर सही करण्यासाठी आपलं कार्यालय पुरत नाही. टेक्ससचे ग्रेग अ‍ॅबट यांनी जून 2021 मध्ये सहीचा सोहळा केला तो अलामोच्या ऐतिहासिक गढीत. टेनेसीचे बिल ली त्याच महिन्यात गॅलटिन इथल्या बेरेटा पिस्तुलांच्या कारखान्यात गेले. जॉर्जियाचे ब्रायन केम्प यांनी 2022 मध्ये बंदुकीचं दुकानच गाठलं. एवढ्या थाटामाटात फ्लोरिडाचे रॉन डिसँटिस वेगळे निघाले. एप्रिल 2023 मध्ये त्यांनी ना मंडप ना कॅमेरे, बंद दाराआड सही उरकली.

फ्लोरिडाची खरी मजा पुढेच आहे. तिथे छुप्या हत्याराचा परवाना देतं कोण? पोलीस नाहीत, गृहखातंही नाही. कृषिखातं! पेट्रोल पंपाचं माप बरोबर आहे का, जत्रेतला पाळणा धड आहे का आणि अर्जदाराला पिस्तूल द्यावं का, हे तिन्ही एकाच छपराखाली बघितलं जातं. अट उठली तेव्हा या कृषिखात्याचे 25 लाखांवर परवाने लोकांच्या पाकिटात होते. आणि ते आजही काढले जातात, कारण दुसऱ्या राज्यात गेलं की कागद विचारतात.

एक इंच उंचीची अक्षरं

सगळ्यात भारी प्रकरण टेक्ससचं. काउबॉयच्या या माहेरघरात 1871 पासून हातबंदूक बाळगण्यावर कडक निर्बंध होते. 1995 मध्ये छुप्या पिस्तुलासाठी परवाना देणारा कायदा झाला, उघड लावायची मुभा 2016 च्या जानेवारीत मिळाली आणि 1 सप्टेंबर 2021 पासून परवानाही गेला.

आता दुकानदाराचा विचार करा. त्याला आपल्या दुकानात पिस्तूल नको आहे. ‘आत बंदूक आणू नये’ एवढं पुठ्ठ्यावर लिहून भागत नाही. दंडविधानाच्या कलम 30.06 नुसार मजकूर ठरलेला, तो इंग्रजीतही हवा आणि स्पॅनिशमध्येही, अक्षरं किमान एक इंच उंच, रंग पार्श्वभूमीवर उठून दिसणारा. ही पाटी कोणासाठी? परवाना असून पिस्तूल लपवलेल्यांसाठी. परवाना आहे पण पिस्तूल उघड लावलंय? त्याला ही लागू नाही, त्याच्यासाठी 30.07 ची वेगळी पाटी. आणि ज्याच्याकडे परवानाच नाही त्याच्यासाठी नव्या कायद्यानंतर 30.05 ची तिसरी. काचेच्या दारावर तीन पाट्या लावल्या की गिऱ्हाइकाला आतला माल दिसायला जागा उरत नाही. शब्दांच्या काटेकोरपणात ही पाटी पुणेरी पाटीच्या तोंडात मारेल, फक्त टोमणा मारायची मुभा नाही. त्यातही हा 30.06 आकडा गमतीचा. थर्टी-ऑट-सिक्स हे अमेरिकी सैन्याच्या एका जुन्या, नावाजलेल्या रायफलीच्या काडतुसाचंही नाव आहे.

दारूच्या गुत्त्यांना चौथीच पाटी: लाल भडक आकड्यात ‘51%’. ज्या जागेची निम्म्याहून जास्त कमाई तिथेच बसून प्यायच्या दारूची, तिथे पिस्तूल नेणं गुन्हा. म्हणजे आत जाण्याआधी ग्राहकाने मालकाचा ताळेबंद डोळ्यांखालून घालायचा, तो त्रास या पाटीने वाचवला.

आणि परवाना कशाला हवा होता, तर रांग टाळायला! ऑस्टिनच्या विधान भवनात 2010 मध्ये मेटल डिटेक्टर बसले. परवानाधारकांना मात्र वेगळ्या दाराने झटकन आत सोडत, कारण त्यांची पार्श्वभूमी आधीच तपासलेली. झालं, ज्यांना पिस्तुलाशी काही देणंघेणं नव्हतं असे लॉबीवाले परवान्यासाठी प्रशिक्षण वर्गात जाऊन बसले.

पोलीस ठाण्याची शाळा

फेडरल कायदा म्हणतो, शाळेच्या आवारापासून हजार फुटांच्या आत पिस्तूल बाळगू नका. अपवाद कोणाला? राज्याचा परवाना असलेल्याला. इथे मेख आहे. राज्य म्हणतं परवाना नको, केंद्र म्हणतं परवाना असेल तरच. म्हणजे बिनपरवान्याचा कायदाप्रेमी नागरिक शाळेच्या फुटपाथवरून चालत गेला की कागदावर फेडरल गुन्हेगार. शहरात हजार फुटांवर शाळा नाही अशी गल्ली शोधून दाखवा! मोंटानाने यावर रामबाण काढला. गंभीर हिंसक गुन्ह्यात दोषी नसलेली प्रत्येक व्यक्ती या फेडरल कायद्यापुरती राज्याची परवानाधारक मानली जाईल, असं त्यांनी कायद्यातच लिहून ठेवलं. अर्ज नाही, फी नाही, फोटो नाही, सगळं राज्य एका वाक्यात परवानाधारक.

न्यू ऑर्लिन्सने हेच अस्त्र उलटं फिरवलं. लुइझियानाचा कायदा यायच्या तोंडावर पोलिसांना घोर लागला तो बर्बन स्ट्रीटचा. रात्रभर दारू, खांद्याला खांदा गर्दी, आणि आता खिशाखिशात पिस्तूल. राज्याच्याही कायद्यात शाळेभोवती हजार फुटांची बंदी होतीच, आणि ‘शाळे’च्या व्याख्येत तांत्रिक शिक्षण देणारी संस्थाही बसत होती. मग पोलिसांनी फ्रेंच क्वार्टरमधलं आपलं रॉयल स्ट्रीटवरचं ठाणंच तांत्रिक शिक्षणाचं केंद्र करायचं ठरवलं. ठाण्यात वर्ग भरला की आजूबाजूचा हजार फुटांचा पट्टा, त्यात बर्बन स्ट्रीटचा मोठा भाग, बंदूकबंद. कोण म्हणतं पोलिसांना कल्पनाशक्ती नसते? त्याच लुइझियानात 18 वर्षांच्या पोराला पिस्तूल खोचून हिंडता येतं, पण बिअर मागितली की 21 ची अट पुढे येते.

निसटलं की सुटलं

पिस्तूल लपवायचं तर ते टिकलंही पाहिजे ना. प्लॅक्सिको बरेस हा फुटबॉलपटू. फेब्रुवारी 2008 मध्ये सुपर बोलचा विजयी झेल घेऊन न्यू यॉर्कचा लाडका झालेला. त्याच नोव्हेंबरात मॅनहॅटनच्या क्लबमध्ये गेला, नाडीच्या सैल पँटमध्ये पिस्तूल खोचून. ते घसरलं, धरायला गेला आणि स्वतःच्याच मांडीत गोळी. जवळ फ्लोरिडाचा परवाना होता, तोही मे महिन्यात संपलेला, आणि न्यू यॉर्कने तो तसाही मानला नसता. दोन वर्षांची शिक्षा झाली.

प्रशिक्षण घेतलेल्यांची कथा फार वेगळी नाही. 2018 मध्ये डेन्व्हरच्या एका बारमध्ये सुट्टीवरच्या एफबीआय एजंटाने नाचता नाचता मागे कोलांटी मारली, पिस्तूल फरशीवर पडलं, उचलताना चाप ओढला गेला आणि दुसऱ्याच गिऱ्हाइकाच्या पायाला गोळी लागली. 2015 मध्ये वॉशिंग्टनच्या कॅपिटल पोलिसांतल्या एकाचं पिस्तूल तिथल्या संडासात कागदी सीट-कव्हरच्या खोक्यात राहून गेलेलं सापडलं.

विसराळूपणाचा राष्ट्रीय आकडाही आहे. 2023 मध्ये अमेरिकी विमानतळांच्या सुरक्षा तपासणीत हाताच्या सामानात 6,737 बंदुका निघाल्या, त्यातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त भरलेल्या. एकट्या अटलांटा विमानतळावर 451. ‘बॅगेत होतं हे लक्षातच नव्हतं’ ही नेहमीची सबब.

जाता जाता

मेन राज्यात परवान्याची अट नाही, पण अकेडिया राष्ट्रीय उद्यानात शिरायचं तर आहे. आयोवात काही शेरीफांनी दृष्टिहीन नागरिकांनाही पिस्तुलाचे परवाने दिल्याची बातमी 2013 मध्ये गाजली होती, कारण नाकारायला कायद्यात आधारच नव्हता. 2021 पासून तिथे परवान्याची सक्तीच राहिली नाही, तेव्हा नाकारायचा प्रश्नही मिटला.

आणि डॅलस-ह्यूस्टनच्या मराठी मंडळींसाठी खास. एच-वन-बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याला फेडरल कायद्याने बंदूकच काय, एक काडतूसही जवळ बाळगता येत नाही, मग राज्याने परवाना कितीही माफ केलेला असो. ग्रीन कार्ड मिळालं की ही बंदी जाते. ग्रीन कार्डाच्या रांगेत आपली माणसं किती वर्षं उभी असतात ते सांगायला नको. पण कायद्यात एक खिडकी आहे: तुमच्याकडे कोणत्याही राज्याचं शिकारीचं लायसन्स असेल तर ही बंदी लागू होत नाही. हरणावर गोळी झाडलीच पाहिजे अशी सक्ती नाही, लायसन्स खिशात असलं की झालं. तेव्हा बिनपरवान्याच्या टेक्ससमध्ये आपल्या कोथरूडच्या इंजिनिअरला पिस्तूल हवं असेल, तर आधी त्याने शिकारी व्हायचं, फी भरायची आणि परवाना काढायचा.