आवडत्या मालिकेचे शेवटचे पुस्तक

आमच्या घरात इशाच्या नमाजनंतरचा अर्धा तास पुस्तकाचा असतो. गेल्या वर्षी त्या अर्ध्या तासात सी. एस. लुईस यांची नार्निया ही इंग्रजी मालिका आली. 1950 ते 1956 या काळात दरवर्षी एक अशी तिची सात पुस्तके निघाली. आम्ही वाचायचे आणि मुले अडतील तिथे मराठीत सांगायचे, अशी पद्धत. कपाटातून बर्फाच्या प्रदेशात शिरणारी चार भावंडे, बोलणारे प्राणी आणि अस्लान नावाचा सिंह यांनी मुलांना वेड लावले. या मालिकेमागे लेखकाची ख्रिस्ती श्रद्धा आहे, हे आम्हाला ठाऊक होते. त्याची तक्रार नव्हती. उलट त्या निमित्ताने आपल्या श्रद्धेविषयीही मुलांशी बोलता आले.

पाचव्या पुस्तकात, 'द हॉर्स अँड हिज बॉय'मध्ये, कॅलॉर्मेन हा दक्षिणेकडचा देश भेटतो. तिथले लोक सावळे, दाढीवाले, पागोटे बांधणारे, वाकड्या तलवारी बाळगणारे. त्यांच्या नाण्याचे नावही चंद्रकोरीवरून. त्यांचा धर्म मात्र इस्लाम नाही, ते टॅश नावाच्या देवाला भजतात. राजा क्रूर असला तरी त्याच देशातली अराविस ही मुलगी शूर आणि मानी आहे. म्हाताऱ्या वजिराशी ठरलेले लग्न नाकारून ती घोडीवरून पळ काढते. गोष्ट सांगण्याची कला तिथे मुलांना शिकवली जाते, असेही लुईस कौतुकाने सांगतात. अकरा वर्षांच्या आमच्या लेकीला अराविस आपलीच मैत्रीण वाटू लागली.

म्हणूनच सातव्या पुस्तकाने, 'द लास्ट बॅटल'ने, ती जास्त दुखावली. सुरुवात छान आहे. एक लबाड माकड भोळ्या गाढवाला सिंहाचे कातडे पांघरायला लावते आणि हाच अस्लान म्हणून सगळ्यांना फसवते. देवाच्या नावावर दुकान मांडणाऱ्यांची ही गोष्ट मुलांना बरोबर कळली. पण मग कॅलॉर्मेनचे सैनिक येतात आणि पानामागून पान तेच वाईट. त्यांच्या रंगावरून त्यांना हिणवले जाते. अराविस शेवटच्या गर्दीत नुसती दिसून जाते. थोरली बहीण सुसान तर नटण्यामुरडण्याच्या नादी लागली म्हणून शेवटच्या आनंदातून वगळली जाते.

एमेथ नावाचा एक कॅलॉर्मेन तरुण तेवढा वेगळा आहे. त्याने सच्च्या मनाने भक्ती केली म्हणून अस्लान त्याला जवळ करतो. पण हजारांत एक चांगला निघाला, एवढ्याने बाकीच्यांना न्याय मिळत नाही.

एका रात्री लेकीने पुस्तक मिटले आणि विचारले, "अब्बा, आपल्या दादाजानच्या फोटोतही फेटा आहे ना? मग इथे फेटेवाले सगळे वाईटच का?"

आम्ही दोघेही क्षणभर गप्प झालो. पुस्तक लपवून ठेवणे सोपे होते. "अगं, गोष्टच तर आहे" असे म्हणणे त्याहून सोपे. दोन्ही केले नाही. तिला सांगितले, की तुला खटकले ते खरेच खटकण्यासारखे आहे आणि मोठमोठ्या लेखकांनाही ते खटकले आहे. फिलिप पुलमन यांनी नार्नियावर कडक टीका केली. नील गेमन यांनी सुसानवर वेगळी कथाच लिहिली. पुस्तक मात्र त्या वर्षीच्या कार्नेगी पदकाचे मानकरी ठरले होते. मोठे पदक मिळाले म्हणून पुस्तकातली चूक चूक राहत नाही, असे नाही.

मग तिला आणखी एक गोष्ट सांगितली. अस्लान हा शब्द तुर्की आहे, अर्थ सिंह. लुईस यांना तो एडवर्ड लेन यांच्या 'अरेबियन नाइट्स'च्या टिपांमध्ये सापडला. म्हणजे सगळ्यांत लाडक्या पात्राचे नाव शेजाऱ्याच्या घरून आणले, आणि दुष्टांना घालायचे कपडेही त्याच शेजाऱ्याचे घेतले. लेक खो-खो हसली. मग म्हणाली, "नाव घेतले तर थोडी इज्जतही द्यायची!"

तिच्या या बोलण्याने आम्हीच विचारात पडलो. आपण मुलांना गोष्टी सांगतो, त्यांत दुसऱ्या धर्माचा माणूस कसा असतो? तो शहाणा, प्रेमळ, शब्दाला जागणारा असतो, की नुसता हरण्यासाठी आलेला असतो? रागाच्या भरातही इन्साफ सोडू नये, ही शिकवण कुरआनने आपल्याला दिली आहे. ती गोष्ट सांगतानाही लागू पडते. आमच्या लेकीला त्या रात्री जे टोचले, ते आपल्या गोष्टींमुळे शेजारच्या मुलाला टोचू नये.

सातवे पुस्तक आमच्या फळीवर अजून आहे. लेक ते पुन्हा हातात घेत नाही. पाचव्याची मात्र पाने सुटायला आली आहेत.