नोंदीचा खर्च मोठा, की नोंद नसण्याचा?



सध्या बंदरावर एक शब्द वारंवार कानावर पडतोय, ‘ट्रेसेबिलिटी’. साध्या भाषेत, ताटातला मासा कुठल्या नौकेने, कुठल्या जाळ्यात, कधी पकडला, हे मागे जात जात शोधता येणं. "आणखी एक कागदाचं झेंगट" असं बरेच नौकामालक म्हणतात. ते अगदीच चूक नाही. पण आधी २०१८ साल आठवा.

१२ जुलै २०१८ ला मडगावच्या घाऊक बाजारात परराज्यातून आलेल्या मासळीत प्राथमिक तपासणीत फॉर्मेलिन सापडल्याची बातमी आली. नंतर प्रमाण मर्यादेत असल्याचं सांगितलं गेलं, पण तोवर गिऱ्हाइकाचा विश्वास उडाला होता. गोवा सरकारने बाहेरून येणाऱ्या मासळीवर १५ दिवसांची बंदी घातली. जुलैत आपल्या नौका किनाऱ्यावरच असतात, म्हणून तेव्हा झळ कमी बसली. पण नोव्हेंबरात, ऐन हंगामात, एफडीए नोंदणी आणि इन्सुलेटेड गाडीची अट आली. मग सिंधुदुर्गातून छोट्या टेम्पोने काही तासांत गोव्यात पोचणारी ताजी मासळीही त्यात अडकली. आपला माल वेगळा आहे हे आपल्याला माहीत होतं. दाखवायला कागद कुठे होता?

आता खर्चाचं बोलू. रात्रभर जाळी ओढून आलेल्या तांडेलाने नोंद लिहायची कधी? चार नौकांची मासळी एका ढिगात गेली की साखळी तुटते, म्हणजे क्रेट वेगळे, खुणा वेगळ्या. मासा कुठे लागतो हे कुणी सहजासहजी सांगत नाही, ती आपली कमाई आहे. शिवाय टोपलीभर मासळी घेऊन बाजारात बसणाऱ्या आपल्या बायांनी कुठला कोड दाखवायचा?

फायदा कुणाला, हेही बघायला हवं. युरोपात जाणाऱ्या समुद्री मासळीला २०१० पासून कॅच सर्टिफिकेट लागतं. जानेवारी २०२६ पासून तिथल्या आयातदारांना ते ऑनलाइन प्रणालीतच भरावं लागतं. माहिती नौकेची, सर्टिफिकेट निर्यातदाराच्या हातात. भाव मात्र लिलावात पूर्वीचाच. खरं दुखणं इथे आहे.

म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे. नोंद करूया, पण ती आपल्या संस्थेकडे राहू दे. प्रत्येक फेरीला एक ओळ पुरे: नौकेचा नोंदणी क्रमांक, निघाल्याची आणि परतल्याची तारीख, जाळ्याचा प्रकार, मुख्य जाती, वजन, खरेदीदार. लिहिण्याचं काम तांडेलावर नको, लिलावाच्या जागी संस्थेच्या माणसाने करावं. मासेमारीची जागा ढोबळ लिहावी. ज्या कंपनीला ही नोंद हवी, तिने क्रेटचा आणि लिहिणाऱ्याचा खर्च द्यावा, आणि किलोमागे काय जास्त देणार ते आधी ठरवावं. स्थानिक बाजारात विकणाऱ्या बायांवर कसलीही सक्ती नको, त्यांना संस्थेची साधी पावती पुरे.

हीच वही वादळात हंगाम बुडाला तर नुकसानभरपाई मागताना पुरावा म्हणून उपयोगी पडेल. तोंडी सांगितलेलं कुणी धरत नाही.

उद्या पुन्हा एखाद्या नाक्यावर गाडी अडली, तर "आमची मासळी ताजी आहे" एवढं म्हणून भागणार नाही. नियम दुसऱ्यांनी लिहून आपल्यावर टाकण्याआधी आपली वही आपण सुरू करूया. पुढच्या सभेला या, तांडेलांनाही घेऊन या.